टिपताना, सुधारताना, देताना : फोटोसाठी फाइलचा फॉरमॅट कसा निवडायचा

नवा कॅमेरा घेतला की पहिल्या आठवड्यात बहुतेकांना एकच प्रश्न पडतो. मेन्यूत ‘इमेज क्वालिटी’ उघडावं तर आत रॉ, रॉ प्लस जेपीईजी, फाइन, नॉर्मल, बेसिक आणि शिवाय एल-एम-एस अशी रांग. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती, जेपीईजी म्हणजे त्याने त्यातून करून दिलेलं तयार चित्र. यातलं ठेवायचं काय? फोटोग्राफीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर निम्मे सांगतात, ‘डोळे मिटून रॉ’. उरलेले म्हणतात, ‘कशाला उगाच कार्ड भरताय, जेपीईजी बस झालं’. दोघंही आपापल्या कामापुरते बरोबर असतात, म्हणून तर हा वाद मिटत नाही.

सगळा घोळ होतो तो कायमचा एकच ‘चांगला’ फॉरमॅट शोधायला गेल्यामुळे. फॉरमॅट तीनदा निवडावा लागतो: फोटो टिपताना, संगणकावर त्याच्यावर काम करताना आणि तो कुणाच्या हाती देताना. या तीन वेळांची उत्तरं बहुधा वेगवेगळी येतात. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं आहे, थोडं किचकट असलं तरी.

हाताशी काय हवं

- तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल, छापील किंवा पीडीएफ. मेन्यूतली नावं कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे इथे सांगितलेला पर्याय तुमच्याकडे कोणत्या नावाने आहे ते त्यातच सापडेल.
- कार्ड रीडर. कॅमेरा केबलने जोडून फोटो उतरवता येतात, पण त्यात बॅटरी जाते आणि वेळही.
- रॉ उघडणारं सॉफ्टवेअर. ते विकतच घ्यावं लागतं असं नाही. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज डेस्कटॉप ही कंपन्यांनीच दिलेली मोफत सॉफ्टवेअर आहेत. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मुक्त सॉफ्टवेअर जवळपास सगळ्या कंपन्यांच्या रॉ फाइली उघडतात. लाइटरूम आणि कॅप्चर वन पैसे मोजून मिळतात.
- बाहेरच्या दोन हार्ड डिस्क. हो, दोन.
- फोटो जिथे द्यायचा आहे त्या लॅबचे, अल्बमवाल्याचे किंवा स्पर्धेचे लेखी नियम.

१. शेवटापासून सुरुवात करा: फोटो जाणार कुठे?

कॅमेऱ्याच्या मेन्यूला हात लावण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. हा फोटो शेवटी कुठे दिसणार आहे? आणि मी त्याच्यावर पुन्हा बसून काम करणार आहे का?

गावच्या कार्यक्रमाचे फोटो तासाभरात वार्ताहराला पाठवायचे असतील, तर तुम्हाला कॅमेऱ्यातून तयार निघालेला फोटो हवा. भाचीच्या लग्नाचा अल्बम करायचा असेल, तर सुधारायला भरपूर वाव ठेवणारी फाइल हवी. फोटो नुसता फॅमिली ग्रुपवर जाणार असेल, तर तुम्ही काहीही पाठवा, व्हॉट्सॲप तो आपल्या मापाने आवळणारच आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. वर्षभर रॉ काढून एकही फाइल न उघडणारे लोक कमी नाहीत. संगणकावर बसायची आवडच नसेल, तर चांगल्या उजेडात नीट एक्स्पोजर देऊन (म्हणजे उजेड बेताचा घेऊन) काढलेल्या जेपीईजीत कमीपणा काही नाही.

२. दोन्ही फाइलींच्या आत काय असतं ते समजून घ्या

इथे जरा थांबू, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही, फक्त उजेड किती पडला एवढंच कळतं. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एक बारीक गाळणी (फिल्टर) बसवलेली असते. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बेयर यांनी ही मांडणी शोधली आणि १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. तिच्यात निम्मे पिक्सेल हिरवे असतात आणि उरलेल्यांत लाल-निळे समसमान. रॉ फाइलमध्ये हीच एकरंगी मोजमापं, सहसा १२ किंवा १४ बिटमध्ये, जशीच्या तशी साठवलेली असतात. ती अजून चित्र झालेली नसतात. प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग आजूबाजूच्या पिक्सेलवरून काढायचे, व्हाइट बॅलन्स लावायचा (म्हणजे त्या उजेडात पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा मेळ घालायचा), कॉन्ट्रास्ट द्यायचा, धार काढायची हे सगळं नंतर तुमच्या संगणकावर होतं.

जेपीईजी काढता तेव्हा ही सगळी कामं कॅमेरा स्वतःच क्षणात उरकतो. नंतर चित्र ८ बिटवर आणतो, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातले डोळ्याला सहज जाणवणार नाहीत असे बारकावे टाकून देतो. रंगांची माहिती तर बहुधा निम्मी किंवा चतुर्थांशच ठेवतो, कारण आपला डोळा उजेडातला फरक जितका बारीक टिपतो तितका रंगातला टिपत नाही. हे मानक १९९२ सालचं आहे आणि इतकी वर्षं टिकलं ते उगाच नाही. फाइल अगदी लहान होते आणि नुकसान सहसा दिसत नाही. मात्र टाकून दिलेलं परत मिळत नाही.

‘१४ बिट म्हणजे १६,३८४ पायऱ्या, जेपीईजीत फक्त २५६’ ही तुलना तुम्ही ऐकलेली असेल. आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून रॉ चौसष्टपट चांगलं असं समजू नका. रॉमधल्या पायऱ्या उजेडाच्या सरळ प्रमाणात असतात, त्यामुळे त्यांतल्या निम्म्या सगळ्यात उजळ एका स्टॉपमध्येच (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) खर्च होतात. जेपीईजी आपल्या २५६ पायऱ्या नजरेच्या सोयीने वाटून घेतो. नुसतं बघायला गेलात तर दोन्हीत फारसा फरक दिसणार नाही. तो दिसतो फोटो ओढाताण करून सुधारायला लागलात की.

म्हणजे नेमका कुठे? सोमवती अमावास्येची जेजुरी घ्या. दुपारचं ऊन, हवेत उधळलेला भंडारा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो झकास दिसतो. मोठा करून बघा: भंडाऱ्याच्या ढगात कण, पोत, सावली काही नाही, सपाट पिवळा डाग. गडद पिवळ्या रंगात निळा जवळपास शून्यावर असतो आणि लाल सगळ्यात वर. ऊन आहे म्हणून व्हाइट बॅलन्स लावताना कॅमेरा सेन्सरवरच्या लाल मोजमापाला साधारण दुपटीच्या आसपास गुणतो. त्यात पिक्चर स्टाइल, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोला द्यायचा रंगांचा बाज, ‘व्हिव्हिड’ ठेवली असेल तर आणखी भर. लाल २५५ वर, म्हणजे शेवटच्या पायरीवर, जाऊन आपटतो आणि तिथला सगळा बारकावा एका आकड्यावर येऊन बसतो. रॉ फाइलमध्ये हा गुणाकार झालेलाच नसतो. सेन्सरवरचं मूळ लाल मोजमाप पुष्कळदा मर्यादेच्या आत असतं, आणि संगणकावर एक्स्पोजर थोडं खाली ओढलं की भंडाऱ्याचे कण परत दिसू लागतात.

ज्योतिबाचा गुलाल, हळदीच्या कार्यक्रमातले चेहरे, ऑर्केस्ट्राच्या स्टेजवरचे निळे-जांभळे एलईडी, सगळीकडे दुखणं हेच. अशा ठिकाणी कॅमेऱ्याचा साधा पांढरा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ‘सगळं ठीक’ सांगत राहतो. लाल-हिरवा-निळा असे वेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम लावा. आणि हो, जेजुरीत उघड्यावर लेन्स बदलू नका. सेन्सरवर बसलेला भंडारा कोणत्याच फॉरमॅटमध्ये निघत नाही.

रॉचा दुसरा मोठा फायदा व्हाइट बॅलन्सचा. रॉमध्ये तो नुसता नोंद म्हणून ठेवलेला असतो, नंतर हवा तसा बदला, नुकसान शून्य. मंडपात पिवळे दिवे, बाहेरून दिवसाचा उजेड आणि वर व्हिडिओवाल्याचा पांढरा झोत असं मिश्रण असेल, तर याचं मोल लगेच कळतं.

आता सापळा. ‘रॉमध्ये काढलंय, नंतर बघू’ ही सवय वाईट. फोकस चुकला, हात हलला, शटर कमी पडलं, तर रॉ काहीही करू शकत नाही. तिन्ही रंग मर्यादेपलीकडे गेलेलं आभाळही परत येत नाही. सुधारायला साधारण एखाद्-दुसऱ्या स्टॉपचा वाव मिळतो, तोही कॅमेऱ्यागणिक कमीजास्त.

३. कॅमेऱ्याच्या मेन्यूत काय ठेवायचं

आधी जागेचा हिशोब. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात, म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेलला, फाइन जेपीईजी साधारण १० एमबीची होते. बारकावा न गमावता आवळलेली रॉ २५ ते ३० एमबी आणि अजिबात न आवळलेली १४ बिट रॉ ४२ एमबीच्या आसपास. ६४ जीबीच्या कार्डात नुसते जेपीईजी सहा हजारांच्या घरात मावतील, रॉ सव्वादोन हजारांच्या आसपास आणि दोन्ही एकदम काढले तर सोळाशे-सतराशे. फोटोत झाडं, गवत, गर्दी असेल तर फाइल फुगते, मोकळं आभाळ असेल तर आटते. त्यामुळे हे आकडे अंदाजाचे धरा.

पहिले दोन-तीन महिने रॉ प्लस जेपीईजी ठेवा असं मी नवख्यांना सांगतो. जेपीईजी लगेच वापरा आणि निवांत वेळी त्याच फोटोची रॉ उघडून जेपीईजीपेक्षा बरी करता येते का ते बघा. करता आली नाही तर त्यातून कळतं की कॅमेऱ्याचे इंजिनीअर आपलं काम जाणतात. आली तर रॉ तुमच्या उपयोगाची आहे हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरत नाही. कायम दोन्ही काढत राहण्यात मात्र अर्थ नाही. एकाच फोटोच्या दोन फाइली सांभाळताना, एक पुसली आणि दुसरी राहिली, असले घोटाळे होतात.

त्यानंतर कामाप्रमाणे ठरवा.

*रॉ :* लग्न, स्टेज, सूर्योदय-सूर्यास्त, घाटातलं धुकं, वारीत भर दुपारी पांढऱ्या सदऱ्या-टोप्यांवर पडलेलं ऊन, आणि पुन्हा मिळणार नाही असा कोणताही प्रसंग.

*जेपीईजी :* लगेच पाठवायचे फोटो, सपाट उजेडातले शेकडो एकसारखे फोटो, शाळेच्या ओळखपत्रांचं काम, नोंदीसाठी काढलेले फोटो.

पक्षी आणि खेळ मधोमध बसतात. भिगवणला रोहित पक्ष्यांचा थवा उठला आणि तुम्ही बटण दाबून धरलंत, तर रॉने कॅमेऱ्याची तात्पुरती स्मरणशक्ती काही सेकंदांत भरते आणि ऐन वेळी कॅमेरा थबकतो. जेपीईजीत तो कितीतरी जास्त वेळ चालतो. यावर तोडगा म्हणजे वेगवान कार्ड किंवा आवळलेली रॉ. कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांत तिला सी-रॉ म्हणतात, निकॉनच्या काही मॉडेलमध्ये ‘हाय एफिशियन्सी’. तिच्यात थोडा बारकावा जातो, पण पक्ष्यांच्या फोटोत तो शोधून सापडणं कठीण.

सेटिंगचे चार सल्ले:

- रॉमध्ये ‘लॉसलेस कॉम्प्रेस्ड’ असेल तर तेच घ्या. ‘अनकॉम्प्रेस्ड’ने नुसती जागा जाते, चित्रात भर पडत नाही.
- जेपीईजी काढायचा तर ‘फाइन’ आणि ‘एल’. ‘एम’ किंवा ‘एस’ ठेवलं तर पिक्सेलच कमी होतात, आणि मागाहून मोठी प्रिंट मागितली तर फोटो फुटतो.
- कलर स्पेस, म्हणजे फाइलमध्ये मावणाऱ्या रंगांचा पल्ला, एसआरजीबी ठेवा. अडोबी आरजीबीमधला जेपीईजी अनेक ठिकाणी फिका, मरगळलेला दिसतो. कॅनन, निकॉन, सोनी यांच्या कॅमेऱ्यांत फाइलचं नाव अधोरेषेने सुरू होऊ लागलं, तर हे सेटिंग बदललं गेलंय असं समजा. रॉ काढणाऱ्यांना याची काळजी नको, कलर स्पेस नंतर ठरवता येते.
- पडद्यावर दिसणारा फोटो आणि हिस्टोग्राम, तुम्ही रॉ काढत असलात तरी, जेपीईजीचा असतो. म्हणून पिक्चर स्टाइल ‘न्यूट्रल’ ठेवली की हिस्टोग्राम वस्तुस्थितीच्या बराच जवळ येतो.

बातमीच्या क्षेत्रात जायचं असेल तर आणखी एक गोष्ट. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्या बाहेरच्या छायाचित्रकारांना कळवलं की रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातच जेपीईजी म्हणून टिपलेले पाठवा. कारणं दोन: वेग आणि फोटोची सचोटी. याउलट वर्ल्ड प्रेस फोटोच्या स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पोचलेल्यांकडून पडताळणीसाठी मूळ फाइल, रॉ असेल तर रॉ, मागवली जाते. एकाच क्षेत्रातल्या दोन दारांवर अशी दोन वेगळी कुलपं आहेत. नियम वाचूनच निघा.

४. मोबाइलने काढत असाल तर

आयफोनने २०१७ मध्ये, आयओएस ११ सोबत, एचईआयसी फॉरमॅट आणला. त्याच दर्जाचा फोटो जेपीईजीच्या साधारण निम्म्या जागेत मावतो. फॉरमॅट चांगला आहे. अडचण आहे ती त्याच्या पाहुणचाराची: जुन्या संगणकांवर तो उघडत नाही, विंडोजवर कधीकधी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळं एक्स्टेन्शन घ्यावं लागतं आणि झेरॉक्सच्या दुकानातला माणूस ‘फाइल करप्ट आहे’ म्हणून मोकळा होतो. असे फोटो वारंवार बाहेर द्यावे लागत असतील तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स उघडा आणि ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. तिथून पुढचे फोटो जेपीईजीत निघतील. आधी काढलेले एचईआयसीच राहतात, ते वेगळे बदलून घ्यावे लागतात. सॅमसंगसारख्या अँड्रॉइड फोनमध्येही ‘हाय एफिशियन्सी’ नावाचा असाच पर्याय असतो.

मोबाइलमधली रॉ बहुधा डीएनजी असते. इथे एक गंमत आहे. फोन साधा फोटो काढतो तेव्हा तो एकापाठोपाठ अनेक फोटो टिपून, ते एकत्र करून तुम्हाला एक देतो. प्रो मोडमधली साधी रॉ अनेक फोनमध्ये एकाच क्षणाची असते, त्यामुळे अंधारात ती फोनच्या नेहमीच्या जेपीईजीपेक्षा वाईट, दाणेदार दिसते. ॲपलची प्रोरॉ आयफोन १२ प्रोसोबत आली. तिच्यात हे एकत्रीकरण केलेलं असतं, पण ४८ मेगापिक्सेलला एकेक फोटो ७५ एमबीच्या आसपास जातो. १२८ जीबीच्या फोनमध्ये ती कायम चालू ठेवू नका.

५. संगणकावर उतरवताना

कंपनीगणिक रॉचं नाव बदलतं. कॅननची सीआर२ किंवा सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीची आरएएफ, पॅनासॉनिकची आरडब्ल्यू२. मॉडेल बदललं की नाव तेच असलं तरी आतली रचना बदलू शकते. म्हणून नवख्यांना हमखास बसणारा धक्का: कॅमेरा नवा, सॉफ्टवेअर जुनं, फाइल उघडतच नाही. घाबरू नका, फोटो शाबूत आहेत. सॉफ्टवेअर अद्ययावत करा. ते जमत नसेल तर अडोबीचं मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरून फाइली डीएनजी करा, जुनं सॉफ्टवेअर त्या बहुधा उघडतं.

डीएनजी हा अडोबीने २००४ मध्ये आणलेला रॉ फॉरमॅट. त्याची रचना जाहीर केलेली आहे, म्हणून काहीजण सगळ्या रॉ डीएनजी करून मूळ फाइली पुसतात. मी तसं करत नाही आणि तुम्हालाही सुचवणार नाही. कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर बदललेली डीएनजी सहसा उघडत नाही, आणि स्पर्धेसाठी मूळ फाइल मागितली तर ती तुमच्याकडे नसेल.

उतरवताना आणखी एका गोष्टीचं भान ठेवा. लाइटरूम, डार्कटेबल यांसारखी सॉफ्टवेअर रॉ फाइलमध्ये काहीही बदलत नाहीत. तुम्ही केलेल्या सुधारणा ती आपल्या कॅटलॉगमध्ये किंवा शेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहितात. या फाइली ‘काहीतरी फालतू’ म्हणून पुसल्या, किंवा रॉ दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली आणि एक्सएमपी मागे राहिली, तर रात्रभर बसून केलेलं काम जाऊ शकतं.

६. काम चालू असतानाची फाइल

सुधारणा एकाच सॉफ्टवेअरमध्ये संपत असतील तर मधल्या फाइलीची गरजच नाही: रॉ उघडा, सुधारा, शेवटी जेपीईजी काढा. फोटो फोटोशॉपमध्ये किंवा गिंपमध्ये न्यायचा असेल, लेअर (चित्राचे एकावर एक थर) टाकायचे असतील, तार-खांब काढायचे असतील, तर मधल्या टप्प्यावर १६ बिट टिफ किंवा त्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा फॉरमॅट वापरा. फोटोशॉपचा पीएसडी, गिंपचा एक्ससीएफ.

टिफ १९८६ मध्ये अल्डस कंपनीने काढला, पुढे ती कंपनी अडोबीकडे गेली. जुना, भक्कम, सगळीकडे उघडणारा फॉरमॅट. फक्त अगडबंब. २४ मेगापिक्सेलचा फोटो ८ बिटमध्ये ७२ एमबी, १६ बिटमध्ये १४४ एमबी, तोही लेअर न धरता. सेव्ह करताना कॉम्प्रेशन विचारलं तर ‘झिप’ निवडा. ‘एलझेडडब्ल्यू’ने १६ बिटची फाइल कधीकधी उलट वाढते. आणि कॅमेऱ्यातून आलेल्या ८ बिट जेपीईजीचा १६ बिट टिफ केल्याने गेलेलं काही परत येत नाही. पुढच्या कामात आणखी नुकसान होत नाही, एवढंच.

जेपीईजीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: ‘उघडून बघितलं, कॉपी केलं की क्वालिटी जाते’. नाही जात. हजार वेळा उघडा, पेन ड्राइव्हवर टाका, फाइल तीच राहते. बदल करून पुन्हा सेव्ह केलं की मात्र तो फोटो नव्याने आवळला जातो. आज थोडा उजळ केला, उद्या कापला, परवा नाव टाकलं, प्रत्येक वेळी त्याच फाइलवर सेव्ह, तर कडांभोवती चौकोनी ठिगळं दिसायला लागतात. मूळ जेपीईजीवर कधीच सेव्ह करू नका. नेहमी ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्स्पोर्ट’.

७. देताना

*प्रिंटसाठी.* लॅबला विचारल्याशिवाय टिफ पाठवू नका. बहुतेक लॅब एसआरजीबीतला ८ बिट जेपीईजी घेतात आणि तो पुरेसा असतो. क्वालिटी ९० ते १०० ठेवा. माप पिक्सेलमध्ये मोजायला शिका: इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ४ बाय ६ ला १२०० बाय १८०० लागतात, १२ बाय १८ ला ३६०० बाय ५४००. अल्बमचं १२ बाय ३६ इंचाचं उघडलेलं पान ३६०० बाय १०,८०० होतं, म्हणजे एकच फोटो पूर्ण पानभर ताणायचा असेल तर २४ मेगापिक्सेललाही बरंच वाढवून घ्यावं लागतं. फाइलवर ‘७२ डीपीआय’ (इंचाला ७२ ठिपके) लिहिलेलं बघून काही अल्बमवाले फोटो परत पाठवतात. तो आकडा नुसती चिठ्ठी आहे, पिक्सेल पुरेसे असतील तर प्रिंटला काही होत नाही. वाद घालण्यापेक्षा एक्स्पोर्ट करताना ३०० लिहून टाका.

*पडद्यासाठी.* लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपीईजी क्वालिटी ८० च्या आसपास. याच्या वर आकार वाढतो, दिसण्यात फरक पडत नाही. स्वतःची वेबसाइट असेल तर वेबपी बघा. गूगलने २०१० मध्ये आणलेला हा फॉरमॅट जेपीईजीपेक्षा लहान होतो आणि आजचे सगळे ब्राउझर तो दाखवतात. एव्हीआयएफ त्याहून नवा आणि त्याहून लहान. कुणाला फाइल म्हणून द्यायला मात्र दोन्ही नकोत.

*पीएनजी.* यात काही गमावलं जात नाही, म्हणून फोटो पीएनजीत ठेवण्याचा मोह होतो. फोटोला ते सोसत नाही, फाइल जेपीईजीच्या कित्येक पट मोठी होते. पीएनजी लोगोसाठी, पारदर्शक पार्श्वभूमीसाठी, स्क्रीनशॉटसाठी आणि बारीक अक्षरं असलेल्या चित्रासाठी वापरा.

*व्हॉट्सॲप.* फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो, आवळला जातो आणि आतली कॅमेऱ्याची माहितीही जाते. ‘एचडी’ निवडला तरी आवळणं टळत नाही, कमी होतं इतकंच. गिऱ्हाइकाला किंवा लॅबला पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. समोरच्याने ‘मला व्हॉट्सॲपवर आलेत तेच छापा’ म्हटलं तर लगेच थांबवा आणि मूळ फाइल द्या.

*ऑनलाइन अर्ज.* फॉरमॅटमुळे अडणारे लोक सगळ्यात जास्त इथे भेटतात. आयबीपीएसच्या बँक भरतीच्या अर्जाला फोटो जेपीईजीत आणि २० ते ५० केबीच्या मधला लागतो, सही १० ते २० केबीची. १० एमबीच्या फोटोची नुसती क्वालिटी पाडत ५० केबीवर आणायला गेलात तर चेहऱ्याचे चौकोन होतात. आधी पिक्सेल कमी करा, नियमात सांगितलेल्या मापाला, म्हणजे २०० बाय २३० च्या आसपास. मग क्वालिटी जरा कमी केली की काम होतं, चेहराही स्वच्छ राहतो. आणि फाइलच्या नावातलं एचईआयसी किंवा वेबपी खोडून तिथे जेपीजी लिहिलं म्हणजे फॉरमॅट बदलत नाही. बाहेरची पाटी बदलते, आत तेच राहतं, आणि अर्जाची वेबसाइट ‘इनव्हॅलिड फाइल’ म्हणते. फोटो एखाद्या ॲपमध्ये उघडून जेपीईजी म्हणून एक्स्पोर्टच करावा लागतो.

८. जपून काय ठेवायचं, काय पुसायचं

निवडलेल्या फोटोंची रॉ, तिची एक्सएमपी आणि शेवटचा मोठ्या मापाचा जेपीईजी, या तीन गोष्टी दोन्ही हार्ड डिस्कवर ठेवा. लॅबसाठी, वेबसाइटसाठी, अर्जासाठी काढलेल्या लहान फाइली पुसल्या तरी चालतात, पुन्हा पाच मिनिटांत निघतात. लेअर असलेला टिफ किंवा पीएसडी तेवढा ठेवा, कारण ते हाताने केलेलं काम आहे.

न निवडलेल्या रॉ किती काळ ठेवायच्या? लग्नाच्या कामात अल्बम गिऱ्हाइकाच्या हाती पडून त्यांनी होकार देईपर्यंत एकही पुसू नका. ‘त्या फोटोत काकूंचे डोळे मिटलेत, दुसरा आहे का?’ हा फोन येतोच. घरच्या फोटोंत मात्र निर्दय व्हा. एकाच सूर्यास्ताच्या चाळीस रॉ म्हणजे एक जीबीहून जास्त जागा.

तयार जेपीईजी ठेवायचा तो एका साध्या कारणासाठी. तुमच्यानंतर ती डिस्क उघडणाऱ्या घरच्या माणसाकडे रॉ उघडणारं सॉफ्टवेअर असेलच असं नाही, आणि पुतण्याला एनईएफ म्हणजे काय ते ठाऊक असण्याचंही काही कारण नाही. जेपीईजी कुठेही उघडतो.

कार्ड रिकामं करताना क्रम पाळा: आधी पहिल्या डिस्कवर कॉपी, मग दुसऱ्या डिस्कवर, मग दोन्हींवरच्या फाइलींची संख्या कार्डाशी ताडून काही फोटो प्रत्यक्ष उघडून बघायचे. त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्याच्या मेन्यूतून फॉरमॅट करायचं, म्हणजे पुसून कोरं करायचं.